आरतीला वाजलेली गिटार

स्वस्तातली इलेक्ट्रिक जोडणीची गिटार घ्यावी का, विचारतोयस ना? बिनधास्त घे यार! माझी आरतीला कशी वाजली, ते ऐक आधी.

स्पीकरला जोडता येते म्हणूनच मी ती घेतली. आल्यागेल्याला ते दिसावं म्हणून वायर कायम खोचलेली ठेवायचो. गणपतीत आमच्या द्वारकेच्या सोसायटीत आरतीला वाजवायचं ठरलं. बायको म्हणाली, "बघू, काय उजेड पाडतेय तुझी गिटार!"

आरती सुरू झाली. झांजा, टाळ्या, प्रत्येकाचा ताल वेगळा. मी डोळे मिटून नुसता झोडपतोय. शेवटी सगळे स्वतःभोवती फिरले, तेव्हा मीही गिटारसकट गिरकी घेतली आणि वायर पायांत अडकली. सोडवायला वाकलो, तर गिटारवरचा बॅटरीचा दिवाच बंद! तेव्हा आठवलं, दुकानदाराने बजावलं होतं, "वाजवून झालं की वायर काढून ठेवा, नाहीतर आतली बॅटरी उतरते." म्हणजे स्पीकरमधून एक सूर बाहेर पडला नव्हता.

गुपचूप सटकत होतो, तेवढ्यात मंडळाच्या जोशीकाकूंनी हातावर मोदक ठेवला. "अरे, काय सुंदर वाजवलंस! मागच्या वर्षी त्या कीबोर्डवाल्याने नुसता गोंगाट केला. तुझी गिटार अजिबात मध्ये मध्ये आली नाही. पुढच्या वर्षीही तूच हं!"

बायकोच्या कानात खरं काय ते सांगितलं. हसली नाही. गंभीरपणे म्हणाली, "बॅटरी तेवढी बदलू नकोस."