तीन वाजेपर्यंत कुरडया

मे २००९. नाशिकच्या एका हाडांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघं बसली होती. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले भामरे आणि त्यांची गुंतवणूक बघणाऱ्या भावसारबाई.

“वहिनींचे दोन्ही गुडघे नवे झाले, भामरेभाऊ. पैसा कुठून आला?”

“म्युच्युअल फंडातून. बोला बाई, आज तुमचा दिवस आहे.”

“बोलणारच! पाच वर्षं थांबलेय. निवडणुकीचे निकाल लागले, शेअर बाजार कोसळला, तेव्हा माझ्या दारात कोण ओरडत होतं?”

“मीच. सगळं विकून टाका म्हणत होतो.”

“आणि मी काय केलं?”

“माझ्या हातात कुरडयांचा साचा दिलात!”

“एवढा चीक संपू द्या, मग विक्रीचा फॉर्म भरू म्हटलं.”

“तो संपतच नव्हता हो! भर उन्हात गच्चीवर साडेतीनपर्यंत कुरडया घालत होतो.”

“फॉर्म तीनलाच घ्यायचे बंद होतात.”

“हे तेव्हा नाही सांगितलंत.”

“सांगितलं असतं तर साचा टाकून पळाला असतात. दुसऱ्या दिवशी बाजार सावरला आणि तुम्ही फिरकलाच नाहीत. अहो, म्हातारपणाचा पैसा सरकार बघून काढायचा नसतो, दुखणं बघून काढायचा असतो.”

“शनिवारी पुन्हा निकाल आहेत, बाई. मला आत्तापासूनच धडधडतंय.”

“मग सोमवारी सकाळी या. चीक तयार ठेवते.”

अर्धवट लोटलेलं आतलं दार उघडलं. भामरेवहिनी काठी न घेता चालत बाहेर आल्या.

“सोमवारी मीपण येणार. किती वर्षांत गच्ची चढले नाहीये.”