हसऱ्या पुराचे बारा फोटो

...आता ह्यात माझं काय चुकलं, सांगा की पावणं! सगळी गल्ली मलाच बोलतीया, जोतीराम फोटोवाल्यानं अनुदान घालवलं म्हणं! अवो, मी लगनातलं फोटो काढणारा माणूस! पंचगंगा चढली की आमची कुंभार गल्ली पाण्यात, म्हणून शहराच्या अंगानं नदीकाठाला भिंत बांधायची, त्याला सरकारी अनुदान मागायचं, आन अर्जाला पुराचं फोटो जोडायचं, असं ठरलं. भिंत कमिटीचं पुढारी हंबीरराव माझ्या दुकानात यिऊन गरजलं, "जोतीराम! नुकसान दिसलं पायजे, नुकसान!"

दोन सालामागं ऑगस्टात पाणी चढलं, तसा मी गेलतो. नाव कुठली मिळायला? गुऱ्हाळाच्या काहिलीत, गुळाचा रस आटवायच्या थोरल्या कढईत बसून! माझ्या दुकानातला पोऱ्या बाबासो बांबूनं ढकलतोय, काहिल भोवऱ्यागत फिरतीया, बारा फोटोंचा रोल, छत्री दातात... माणसं कौलांवर, घरात छातीएवढं पाणी, आन कॅमेरा बघितल्यावर काय झालं असंल? तानूबाईनं पदर सारखा केला! तिचा मालक पाण्यात उभा ऱ्हाऊन भांग पाडाय लागला! चिमणाबाई, सत्तरीची म्हातारी, एकटा जीव, कोंबडी काखंत धरून वरडली, "जोत्या, नीट काढ रं, जल्मातला पयला फोटो हाय माझा!" आन माझ्या तोंडातनं सवयीनं गेलं... "हसा जरा." हसली की वो सगळी! पंधरा वर्सं तेच म्हणतोय मी! ह्यात माझं काय चुकलं?

सा म्हयन्यांनी मुंबईसनं कागद आला. हंबीररावांनी दुकानात उभं ऱ्हाऊन मोठ्यानं वाचला, "सोबतच्या छायाचित्रांतील नागरिक आनंदी दिसत असून पुरामुळे त्यांचे हाल झाल्याचे आढळून येत नाही. सबब प्रस्ताव परत." आनंदी! कौलावर दोन दिवस उपाशी बसल्याली माणसं, आन आनंदी!

फुडल्या पुरात मी ठरवूनच गेलो. काहिलीतनंच वरडलो, "कुणी हसायचं न्हाय! रडा!" चिमणाबाई तिच्या कच्च्या घराच्या दारात, कमरंएवढ्या पाण्यात उभी. म्हणालो, "म्हातारे, रड की." तर म्हणती, "यीना रं बाबा. गेल्या साली रडून झालंय समदं." म्हणालो, बरं, तोंड तरी पाड, जरा उजवीकडं सरक... आन पावणं, तिच्या मागची भिंत हालली. आवाज बी न्हाय. साखर इरघळावी तशी खाली बसाय लागली. मला काचेतनं दिसत हुतं, बोट बटणावर हुतं. दाबलं असतं तर अनुदान हुतं की वो! पर हात गेला म्हातारीच्या दंडाला. बाबासोनं बांबू टाकून तिची कंबर धरली, वडाताणीत कॅमेऱ्याचा पट्टा तुटला, कॅमेरा रोलासकट तळाला, आन म्हातारी काहिलीत. तिचं छप्पर आमच्या मागं पाण्यात गेलं. मी काहिलीची कड दोनी हातांनी धरून बसलोय, आन ती मलाच म्हणती, "भिऊ नगंस, लेकरा."

हंबीरराव म्हणालं, "एक बटण दाबायला असा किती येळ लागतो रं?"

किती येळ लागतो? म्या ऱ्हाऊन ऱ्हाऊन इचार केलाय त्याचा... झोप न्हाय लागत. पर ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा की!

फोटू न्हाईत म्हणून परवा, ऐन मे म्हयन्यात, मुंबईचा साहेब सोता बघाय आला. नदी पार खाली गेल्याली, म्हसरं निवांत डुंबत्याती. चिमणाबाईच्या घराच्या जागंवर साहेब उभा ऱ्हायला, बुटानं माती सारली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन म्हणाला, "ही तर मोकळी जागा आहे. इथे नुकसान होण्यासारखं काही दिसत नाही."

मी जमिनीकडंच बघत हुतो. चिमणाबाई आता तानूबाईच्या सोप्यात ऱ्हाती, ती काठी टेकत खाली आली आन म्हणाली, "खरं हाय साहेब. आता व्हायचं काय ऱ्हायलंच न्हाय."

साहेबानं ते वहीत लिवून घेतलं!