झेलीनचं आडनाव

ग्वादलूप या कॅरिबियन बेटावरच्या ल मूल गावात, नगरपालिकेच्या जन्मनोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई चार दिवसांची मुलगी घेऊन उभी होती. बरोबर तिचा सासरा.

"पोरीला तुझं आडनाव लावणार म्हणे, मिर्तिल?"

"हो बाबा. तुमच्या मुलानंही सही केलीय."

"तो काय, तू म्हणशील तिथं सही करतो. आडनाव बापाचंच लागतं."

"तुम्हाला कुणाकडून मिळालं?"

"माझ्या बापाकडून. बेर्माल. त्याला त्याच्या बापाकडून."

"आणि सगळ्यात पहिल्या बेर्मालला?"

"असेल कुणी खापरपणजोबा."

"मी दप्तरखान्यात जाऊन नोंद उतरवून आणलीय. वाचू?"

"वाच की. भितो का काय मी?"

"साल अठराशे एकोणपन्नास. गुलामी उठली त्याच्या पुढचं; तोवर गुलामांना आडनावच नव्हतं. 'झेलीन, वय तीस, ऊसतोडणी. आजपासून आडनाव बेर्माल. सोबत दोन मुलगे, त्यांनाही तेच.'"

"आणि तिचा नवरा?"

"नवऱ्याचं नावच नाही."

"नीट बघितलंस?"

"तीनदा. पाच पिढ्या तुम्ही एका आईचंच आडनाव मिरवताय, बाबा."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठं?"

सासऱ्यानं कागद तिच्या हातून घेतला, चष्मा लावला आणि नंबर येईपर्यंत वाचत राहिला.

खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "बापाचं आडनाव?"

"साहेब," म्हातारा म्हणाला, "आधी आईचं विचारा."