मावशीची दोन इंजेक्शनं
तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. लोणावळ्याजवळच्या औंढे गावच्या माझ्या मावशीनं सकाळी लोणावळ्यात गुडघ्यात इंजेक्शन घेतलं आणि त्याच फेरीत कपाळावरच्या आठ्या घालवायचं इंजेक्शन घ्यायला ती मला सोबत घेऊन स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसली.

बाईंनी विचारलं, "आज दुसरं काही इंजेक्शन घेतलंय?"

"न्हाई," मावशी म्हणाली. गुडघ्याच्या डॉक्टरांनाही तिनं कपाळाचं सांगितलं नव्हतं. गावात कळलं तर?

मला राहवेना. "घेतलंय! सकाळीच, गुडघ्यात!"

बाईंनी सुई खाली ठेवली. गुडघ्याच्या डॉक्टरांना फोन केला, मावशीला ताप, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला चालेल. पण डॉक्टरपासून लपवायचं नाही." माझा जीव भांड्यात पडला.

"बरं, पर आमच्या ह्यांना सांगू नगा," मावशी म्हणाली.

पंधरा दिवसांनी काकांचाच फोन. "पोरी, त्या गुडघ्याच्या डाक्टरला माझा नमस्कार सांग. सुई टोचली गुडघ्यात आन् आठ्या गेल्या कपाळावरच्या! लगीन झाल्यापास्नं मला जमलं न्हाई त्ये!"