मथुराबाईंची काळी पाच

मंडळी, एक सांगा — आपलं उणं जो झाकतो, आणि झाकलं म्हणून कधी बोलतही नाही, त्याचे उपकार ओळखायचे कसे? नाही ना सांगता येत? मग ऐका!

मिरजेला मथुराबाई म्हणून मोठ्या गायिका होत्या. पेटीवरची काळी पाच, म्हणजे चांगली उंच पट्टी — साठी उलटली तरी बाई तिथूनच गाणार! केवढा अभिमान! मागे तंबोऱ्यावर गोदाक्का. चाळीस वर्षं! तबला, पेटी, सगळे तिच्या तारेला मिळवून घ्यायचे.

एकदा भाचा श्रीरंग म्हणाला, "मावशी, या बैठकीला तबला-पेटीच्या जोडीला कीबोर्ड घेऊ. तंबोराही मशीनचा. सूर तसूभर हलायचा नाही!"

बाईंना पटलं. "गोदे, तू आता आराम कर हो."

"बरं, बाई." एवढंच! — अहो, इथं माझ्या कीर्तनातल्या पेटीवाल्याकडे काय बघता? त्याला अजून काढलेलं नाही!

बैठकीला बाईंनी स्वतःच्या हातानं मशीनवर काळी पाच लावली. पेटीवाले दचकले, पण त्यांनीही तीच पट्टी धरली. सुरुवात बरी झाली. आणि वरचा षड्ज — लागेना! पुन्हा घेतला — चिरकला! सवयीनं बाईंनी मागे पाहिलं. मागे होतं कोण? डबा! तो आपला वाजतोय, तसूभर न हलता! लोक माना खाली घालून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई गोदाक्काच्या दारात.

सगळं ऐकून गोदाक्कानं विचारलं, "पट्टी कुठली लावलीत?"

"काळी पाच. माझीच की!"

"अगंबाई! बारा वर्षं झाली ती सोडून! दर चार वर्षांनी तार एकेक पट्टी उतरवत आणली मी. पेटीवाल्यांना न सांगण्याची शपथ घातली होती."

बाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मंडळी, त्यांना कळत नव्हतं? गळा स्वतःचा, कान स्वतःचे! कळून घ्यायचं नव्हतं!

"गोदे, चल परत. पाया पडते तुझ्या."

"उठा हो, बाई. येईन मी. पण आता तार उतरवली, की तुम्हाला ती उतरलेलीच ऐकू येणार."

मथुराबाई पुन्हा बैठकीला बसल्या नाहीत.

बायांनो, बाप्यांनो, तुमच्याही घरात असं माणूस आहे. सासूच्या आमटीत विसरलेलं मीठ गुपचूप घालणारी सून असेल, तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकून हसणारा नवरा असेल. घरी जाऊन विचारू नका — विचारलंत की संपलं! आज फक्त त्यांचं ताट आधी वाढा. नैवेद्याला उशीर झाला, तर देव रागवायचा नाही!