न्येपीला निघून गेलेली फळी

…नाही हो, नमस्कार नको. त्या फळीला तर नकोच. हात खाली घ्या, म्हणजे मला पुढचं बोलता येईल. उद्या कुठे जायचं, किती वाजता पाण्यात उतरायचं, सगळं सांगतो, माझा धंदाच तो आहे. पण समोर मंडपात ती जी काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसून उभी आहे ना, पुढ्यात फुलं, उदबत्ती, चिमूटभर भाताचा नैवेद्य… ती देवी नाही. ती माझी सर्फिंगची फळी आहे. तिच्या पोटावर माझं नाव आहे आणि ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘कुठे आणि कधी, नेंगाहला विचारा.’ वस्त्रामुळे दिसत नाही, एवढंच. लाज वाटते सांगायला, म्हणून एका दमात सांगतो. मध्ये कुणी प्रश्न विचारलात तर मला थांबायला निमित्त मिळेल.

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी या बेटावर लोकांना हे दोनच शब्द विकत आलोय. कुठे आणि कधी. कोरड्या दिवसांत पश्चिमेला, उलुवातूच्या कड्याखाली. पावसाळ्यात वारा फिरला की आमच्या या पूर्व किनाऱ्यावर, कारण तेव्हा तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेच्या तोंडावरून हात फिरवून तिला गुळगुळीत उभी धरतो. भरती अर्धी चढली की पोवळ्याच्या खडकावर पुरेसं पाणी. त्याआधी उतरलात तर पाठीचं साल खडकावर राहतं आणि उरलेले तुम्ही घरी येता. ऑस्ट्रेलियाहून माणसं येतात, सगळ्या जगाचा वारा त्यांच्या मोबाइलवर, तरी संध्याकाळ झाली की लडिवाळपणे विचारतात, ‘नेंगाह, उद्या?’ मी मुठीत वाळू घेतो, हळूहळू सोडतो (वाळू सोडायची काही गरज नसते, पण त्यांना ते आवडतं) आणि म्हणतो, ‘इथेच. सव्वानऊला.’ आणि सव्वानऊला लाट येते. माझं स्थळ चुकत नाही, वेळ चुकत नाही. त्या दिवशीही चुकली नव्हती. स्थळ बरोबर, वेळ बरोबर. दिवस तेवढा चुकला.

दिवस होता न्येपीचा. आमच्या शकवर्षाचा पहिला. आदल्या संध्याकाळी राक्षसांचे पुतळे नाचवायचे, आणि मग पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत बेटावर चूल नाही, दिवा नाही, काम नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. विमानंसुद्धा उतरत नाहीत. बाहेर फिरतात ते फक्त गावराखे. आम्ही त्यांना पेचालांग म्हणतो. कुणी बाहेर पडलंच, तर हात जोडून आत पाठवायचं. आणि मी पेचालांग. नऊ वर्षं. माझी नेमणूक कुठे? किनाऱ्यावर.

आता हे नीट ऐका. न्येपी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे समुद्राला उधाण, आणि भरती दुपारच्या आत भरणार. ऋतू पावसाळ्याच्या शेवटचा, म्हणजे वारा जमिनीकडून. हे मी ठरवलेलं नाही. पंचांगानं ठरवलं आणि समुद्रानं मान डोलावली. वर्षातली सगळ्यात देखणी लाट नेमकी त्या दिवशी येते ज्या दिवशी तिच्यावर कुणी चढायचं नाही, आणि किनाऱ्यावर उभं करतात कुणाला, तर ती कधी येणार हे ज्याला मिनिटापर्यंत ठाऊक आहे त्याला. शिंक्याखाली मांजर राखणीला बसवलं, तर दोष एकट्या मांजराचा का?

आहे. एकट्या मांजराचाच आहे. मला कुणी सूट देऊ नका.

आठ वर्षं मी समुद्राकडे पाठ करून उभा राहिलो. नवव्या वर्षी मान वळली. डोक्याच्या वर हातभर लाट, एका बाजूनं अलगद सोलत चाललेली, आणि पाण्यात एकही माणूस नाही. तुम्ही रिकामी लाट कधी पाहिली आहे का? मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. नेहमी कुणीतरी तिच्यावर असतोच, आणि बहुधा त्याला मीच पाठवलेलं असतं.

मी ठरवून गेलो नाही. हे शब्द तोलून सांगतोय. ठरवून गेलो असतो तर पायाला फळीची दोरी बांधली असती. दोरी बांधणं म्हणजे ठरवून जाणं. मी फक्त झोपडीच्या आढ्यावरून फळी खाली काढली, पुसायला म्हणून. पुसता पुसता वाळूवर आलो. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हाही मी पुसतच होतो…

दोन लाटा. पहिली सव्वानऊला. गावराख्याचं वस्त्र कमरेला खोचून, कानामागे चाफा तसाच. तोंडातून आवाज मात्र काढला नाही. तेवढा एक नियम पाळला. तिसरीनं मला तळाशी दाबलं, वर येऊन बघतो तर फळी एकटी, ताठ मानेनं, शेजारच्या बातु लुंबांग गावाच्या दिशेनं, रुसलेल्या विहिणीसारखी चाललेली. हाक मारावी तर न्येपीचं मौन. पोहत बाहेर आलो आणि ओलं वस्त्र सुकावं म्हणून दुपारपर्यंत उन्हात पाय फाकवून उभा राहिलो. बदलीला आलेला गडी, मला ब्ली म्हणजे दादा म्हणणारा, म्हणाला, ‘ब्ली नेंगाह, घाम फार आलेला दिसतोय.’ मी म्हटलं, ‘जबाबदारी मोठी आहे.’ …हो, म्हटलं. असं म्हटलं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचे गावराखे आले. पुढे क्तुत लोद्रा, सणाच्या कपड्यांत. मागे चौघांच्या खांद्यावर माझी फळी. सगळी वस्ती जमली. लोद्रा म्हणजे अदबीचा पुतळा, मुंगी चिरडली तरी तिची क्षमा मागेल. म्हणाला, ‘ब्ली, तुमची फळी काल एकटीच आमच्याकडे आली. बाहेर फिरायला बंदी आहे हे तिला माहीत नसावं. रात्रभर अंगणात ठेवली, तीर्थ शिंपडलं. दिवा लावता आला नाही, राग मानू नका.’

तेव्हा बोलायला हवं होतं. सगळे हजर होते, शांतता होती. मी काय बोललो? ‘भरतीनं नेली असेल.’ आणि भरतीच्या बाबतीत या किनाऱ्यावर शेवटचा शब्द माझा. बावीस वर्षांची पत मी त्या तीन शब्दांत घातली.

लोद्रानं भाबडेपणानं विचारलं, ‘पण ब्ली, तुमची फळी तर आढ्यावर टांगलेली असते ना? आढ्यापर्यंत भरती आली?’

सगळे पुजारीबुवांकडे बघायला लागले, जेरो मंकूंकडे. ते डोळे मिटून म्हणाले, ‘न्येपीला जी वस्तू आपणहून घराबाहेर पडते, ती का पडली हे कळेपर्यंत तिच्यावर माणसानं पाय देऊ नये.’ झालं. समुद्रानं बोलावलं, असं दुपारी बायका म्हणू लागल्या, संध्याकाळी पुरुष. मी तसं म्हटलं नव्हतं, हे ध्यानात घ्या. मी फक्त ‘नाही’ म्हटलं नाही. स्थळ बरोबर होतं, वेळ बरोबर होती, आणि माझ्या तोंडाला कुलूप.

फळी मंडपात उभी राहिली. तिला वस्त्र हवं. कुणाचं? जेरो मंकू म्हणाले, ‘ज्यानं त्या दिवशी किनारा राखला त्याचंच.’ माझ्या आईनं, मेमेनं, ते धुऊन, घडी घालून स्वतःच्या हातानं आणून दिलं. तेव्हापासून कोळी नाव लोटण्याआधी तिच्यासमोर वाकतात. मेमेचं वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरतात. रोज पहाटे झावळीच्या पात्यांचं तबक विणते, फुलं मांडते आणि ओणवी होऊन माझ्या खोटेपणाला हात जोडते. मी शेजारी उभा. तिला उठताना हात द्यायला.

एका पहाटे सोसवेना. म्हटलं, ‘मेमे, ती आपणहून गेली नव्हती.’

पात्या विणता विणता ती म्हणाली, ‘ठाऊक आहे. वस्त्र धुतलं कुणी? काळ्या चौकड्यांवर मिठाच्या रेघा होत्या.’

‘घामाच्याही असतात…’

‘एवढं काम तू जन्मात केलं नाहीस.’

‘मग इतके दिवस फुलं कशाला वाहिलीस फळीला?’

‘फळीला कोण वाहतंय? तुझ्यासाठी वाहतेय. कधीतरी तोंड उघडेल म्हणून.’

मी म्हटलं, ‘सगळ्यांसमोर सांगायला हवं.’ ती म्हणाली, ‘हवंच. कुठे सांगायचं नि कधी, ते तुझं तू ठरव. परदेशी माणसं तेवढ्यासाठीच पैसे मोजतात म्हणे तुला.’

त्याला आता चार पौर्णिमा झाल्या. दर पौर्णिमेला याच मंडपात सभा भरते, मी पहिल्या रांगेत बसतो. एकदा पाहुणे होते. एकदा लोद्राच आला होता, फळीसाठी शहाळी घेऊन. एकदा जेरो मंकूंना पडसं होतं. पडसं झालेल्या माणसाला असलं काही कसं सांगावं? मागच्या खेपेला सगळं जुळून आलं होतं, अगदी उठून उभा राहिलो… आणि उदबत्ती विझली होती ती पेटवून खाली बसलो. तुम्ही परके, म्हणून तुमच्यापाशी बोलता आलं.

तर तुम्ही उद्या उलुवातूला. आठला उतरा, अजिबात चुकणार नाही. आणि माझं विचाराल, तर मी अजून वारा बघतोय.