साहेबांचं घड्याळ

मोबाईल हँग झाला म्हणून काय रडताय! जयपूरला सी-स्कीम भागातल्या आमच्या विमा ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा कोण किती वाजता येतं ते बघायला कुलकर्णीसाहेबांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत चालणारं घड्याळ टाकून घेतलं. त्याने इतकी मेमरी खाल्ली, की पॉलिसीचा प्रोग्राम उघडेचना.

मी म्हटलं, "साहेब, घड्याळ काढलं की काम सुरू होईल."

"आणि शिस्तीचं काय?"

झालं! आम्ही दहाच्या ठोक्याला हजर, आणि पाचपर्यंत त्या घड्याळाकडे बघत बसलेले. काम का तुंबलं म्हणून वरून विचारणा झाली, तर साहेबांनी कळवलं, "हजेरी शंभर टक्के."

त्यांना चक्क बढती मिळाली.

निरोपाला आम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलं. म्हटलं, "साहेब, हे चालू असताना कामही करता येतं."